घाण्याचे तेल उत्तम, बाटलीवरचा दावा मात्र पटत नाही

आमच्या भागातील लाकडी घाण्याच्या दुकानातून मी काही महिने शेंगदाणा तेल आणत आहे. घाणा बैलाऐवजी मोटारीवर फिरत असला तरी त्याची गती संथ असल्यामुळे तेल फारसे तापत नाही आणि झाकण उघडताच ताज्या दाण्यांचा वास येतो. लसणाच्या चटणीवर कच्चे तेल घ्यायचे असेल, तर रिफाइंड तेल याच्या जवळपासही येत नाही. तळणात ते फेसाळते, तळाशी थोडा गाळ साचतो आणि किंमत बरीच जास्त आहे. तरी स्वयंपाकाचे तेल म्हणून माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती बाटलीवरील ‘पुरुषांचे टेस्टोस्टेरॉन वाढवते’ या वाक्याबद्दल. गल्ल्यावरचे गृहस्थ तर रोज सकाळी दोन मोठे चमचे तेल पिण्याचा सल्लाही देतात. या दाव्यामागे काहीच नाही, असे म्हणता येणार नाही. हे संप्रेरक मुख्यतः वृषणांतील लायडिग पेशींत कोलेस्टेरॉलपासून तयार होते आणि आहारातील स्निग्धांश फार कमी केल्यास त्याची पातळी घसरू शकते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, एकूण २०६ पुरुषांवरील सहा प्रयोगांच्या एकत्रित विश्लेषणात, स्निग्ध पदार्थांतून मिळणारे उष्मांक सुमारे ४० टक्क्यांवरून २० टक्क्यांच्या आसपास आणल्यावर टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. मात्र प्रयोग थोडे आणि माणसेही थोडी; शिवाय कमी खाल्ल्याने घटते म्हणून जास्त प्यायल्याने वाढते, असे त्यातून मुळीच सिद्ध होत नाही. फोडणी, दाण्याचे कूट, दूध आणि खोबरे रोजच्या जेवणात असणाऱ्या घरात स्निग्धांशाचा दुष्काळ सहसा नसतोच.

उलट धोका दुसऱ्या बाजूचा आहे. दोन मोठे चमचे तेल म्हणजे सुमारे २४० उष्मांक. ते रोजच्या जेवणावर वरून घेतले, तर पोटाचा घेर वाढायला वेळ लागत नाही. चरबीच्या पेशींतील अरोमाटेज हे विकर टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करते आणि लठ्ठ पुरुषांत टेस्टोस्टेरॉनची पातळी अनेकदा कमीच आढळते. थकवा किंवा कामेच्छा कमी झाल्याची शंका असेल, त्याने तेलाच्या दुकानात नव्हे, डॉक्टरांकडे जावे आणि सकाळच्या वेळी रक्त तपासून घ्यावे. एकदा पातळी कमी आली, तरी निदानापूर्वी चाचणी पुन्हा करतात.

दुकानदाराने त्या वाक्याऐवजी दाणे कसे निवडले जातात, हे छापले असते तर अधिक उपयोग झाला असता. बुरशी लागलेल्या दाण्यांत अफ्लाटॉक्सिन हे विष असू शकते आणि रिफायनिंगमध्ये ते बरेचसे निघून जाते, तसे घाण्याच्या तेलात होत नाही. येथे दाण्यांचे पोते उघडून दाखवतात, म्हणून मी निर्धास्त आहे. नव्या गिऱ्हाइकाने आधी अर्ध्या लिटरची बाटली घ्यावी आणि ती उजेडापासून दूर ठेवावी.