मुलांना घेऊन वेगळं राहायचंय: बदलापूर, नाशिक की कोल्हापूर?

वेगळं व्हायचं नक्की झालं तेव्हा माझी मुलगी चौथीत होती आणि मुलगा मोठ्या शिशूत. ठाण्यातलं घर सासऱ्यांच्या नावावर, हातात पडणारा पगार चोवीस हजार, साठवलेले दीडेक लाख. त्या उन्हाळ्यात मी तीन गावं पालथी घातली आणि दोनशेपानी वहीत प्रत्येकासाठी चार-चार पानं राखली. बदलापूर, कारण नोकरी सोडावी लागणार नव्हती. कोल्हापूर, कारण तिथे मावशी आहे. आणि नाशिक, कारण एका मैत्रिणीने तिच्या ओळखीच्या सीएकडे माझ्यासाठी शब्द टाकला होता. याच वळणावर उभ्या असलेल्या बायकांसाठी ती वही इथे उघडते आहे.

सामान बांधण्याआधी एक गोष्ट मात्र करा. घर सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणजे आपला तिथे काही हक्क नाही, असं मी धरूनच चालले होते. ते चुकीचं होतं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात सामायिक घरात, म्हणजे लग्नानंतर ती जिथे नांदली त्या घरात, राहण्याचा हक्क बाईला आहे, आणि घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं तरी ते सामायिक घर ठरू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं. मारहाण असेल तर आधी जीव वाचवा, बाकी सगळं नंतर. तसं नसेल तर घर सोडण्याआधी एकदा वकिलाला भेटा. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे बायकांना मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

भाडं

मी फिरत होते तेव्हा वन बीएचकेचे आकडे असे होते. बदलापूर पूर्वेला स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावर साडेआठ हजार, नाशिकला इंदिरानगरमध्ये दहा हजार, कोल्हापुरात राजारामपुरीच्या पुढे आठ ते नऊ हजार. आता ते वाढले असतील, तुम्ही नव्याने चौकशी करालच. नुसते हे आकडे पाहिले तर कोल्हापूर आणि बदलापूर बरोबरीत, नाशिक महाग.

बदलापूरच्या पानावर मी मग एक दिवस मांडला. नोकरी दादरला. सकाळी ७.२० ला घर सोडायचं, संध्याकाळी गाडी वेळेवर असली तर आठपर्यंत परत. म्हणजे मुलं साडेबारा तास माझ्याशिवाय. शाळा पाच तासांची, उरलेले साडेसात तास पाळणाघर. दोघांचे मिळून साडेसहा हजार, आणि पाळणाघर सातला बंद. सात ते आठ कोण? रिक्षा, पास, महिन्यातून तीन-चारदा "आज बाहेरून काहीतरी घेऊन जाऊ" म्हणून होणारा खर्च, हे सगळं धरल्यावर साडेआठ हजारांचं घर महिन्याला अठरा हजारांवर गेलं. वर पावसाळा. जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती, ते आठवतच असेल. एवढं दरवर्षी होत नाही, पण लोकल दोन-तीन तास बंद पडणं होतं, आणि तेव्हा सहा वर्षांचं मूल पाळणाघराच्या पायरीवर बसलेलं असतं.

म्हणून बदलापूर मी सगळ्यात आधी खोडलं. सरकारी किंवा बँकेची पक्की नोकरी असेल आणि आई सोबत राहायला येणार असेल, तर मात्र ते खोडू नका. पक्की नोकरी सोडून परगावी जाणं हा या तिन्हींपेक्षा मोठा धोका आहे.

कोल्हापूर

कोल्हापूरने मला खूप ओढलं. गाव आटोपशीर आहे. शाळा, बाजार, दवाखाना, सगळं पंधरा मिनिटांत. दूध-भाजी ताजी आणि स्वस्त. मावशीच्या घरी राहिलो ते चार दिवस मुलं किती शांत झोपली, ते मी अजून विसरलेले नाही. मावशी म्हणाली, "तू फक्त ये गं, पोरं माझ्याकडे टाक आणि कामाला जा." या एका वाक्याची किंमत महिन्याला सहा-सात हजार धरा.

अडलं ते कामाशी. गोकुळ शिरगाव, शिरोली, कागल, तिन्हीकडे एमआयडीसी आहे, पण फौंड्री आणि मशीन शॉपचं काम जास्त. हिशेबाच्या कामाला मला कोणी तेरा-चौदा हजारांपुढे जाईना. नर्स, शिक्षिका किंवा शिवणकामात हात बसलेल्या बाईचं गणित वेगळं निघेल. घर बघताना पुराची रेषा जरूर विचारा. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी शहराच्या सखल भागांत शिरलं होतं. घरमालक सांगत नाहीत, खालचा किराणा दुकानदार सांगतो. भिंतीवर हात ठेवून दाखवतो, "हितपर्यंत आलतं."

नाशिक

सीएच्या ऑफिसात एकवीस हजार. म्हणजे पगार तीन हजारांनी कमी झाला. पण ऑफिस, शाळा आणि घर एका किलोमीटरच्या आत बसवता आलं, आणि माझ्या वहीत सगळ्यात जास्त गुण याला होते. लोकलचा पास गेला, पाळणाघर अर्ध्या वेळेवर आलं, संध्याकाळी साडेसहाला मी घरी. महिन्याच्या शेवटी हातात बदलापूरपेक्षा तीनेक हजार जास्त उरतात.

हे अंतर किती महत्त्वाचं असतं, ते मुलगा पहिलीत असताना एका दुपारी कळलं. शाळेतून फोन आला, "उलटी झालीय, अंग तापलंय." मी चालत अकरा मिनिटांत पोहोचले. शिपाईमावशींनी त्याला बाकावर आडवं केलं होतं, डोक्याखाली त्याचंच दप्तर, आणि माझ्या नंबरची चिठ्ठी मुठीत धरून तो दाराकडे बघत होता. बदलापूरला राहत असते तर दादरहून त्याच्या शाळेत पोहोचायला मला अडीच तास लागले असते.

नाशिकच्याही अडचणी आहेत. शहर पसरलेलं आहे. नाशिकरोडला स्वस्त घर घेऊन सातपूरला नोकरी केली तर बदलापूरसारखीच दमणूक होईल, सिटीलिंकच्या बसवर सगळी वेळ साधत नाही. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. पंचवटी आणि गोदाकाठच्या भागात तेव्हा रस्ते बंद राहतील, गर्दी होईल, त्या बाजूचं घर आत्ता घेऊ नका. आणि माणसांच्या बाबतीत सुरुवात शून्यापासून. मावशीची जागा भरून निघत नाही.

घरमालक

तिन्ही गावांत एकच प्रश्न: "मिस्टर काय करतात?" पहिल्यांदा मी "बाहेरगावी असतात" म्हणाले आणि लगेच ते घर नाकारलं, कारण मुलांना रोज हे खोटं सांभाळायला लावावं लागलं असतं. पुढे सरळ सांगायला लागले, "आम्ही वेगळे झालो आहोत, मी आणि दोन मुलं राहणार." सहा ठिकाणी नकार आला. सातव्या घरी सत्तरीच्या एक काकू होत्या, खाली त्या राहायच्या, वरचा मजला भाड्याने. माझं ऐकून घेतलं, मुलांकडे बघितलं आणि विचारलं, "शाळा किती वाजता सुटते यांची? मी घरीच असते." पाणी किती वाजता येतं हे विचारायचंही मी विसरले. आजही जादा किल्ली त्यांच्याकडेच असते.

करार मात्र पक्का करा. महाराष्ट्रात भाडेकरार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदणी सक्तीची आहे आणि ती जबाबदारी मालकाची. दहा हजार भाड्याला मुद्रांक शुल्क तीनशेच्या आत येतं, शहरात नोंदणी फी एक हजार. हाच कागद पुढे आधारचा पत्ता बदलायला, शाळेला आणि कोर्टात उपयोगी पडतो. घर मिळेपर्यंत टेकायला जागा हवी असेल तर नोकरदार महिलांच्या सखी निवासांची चौकशी करा. तिथे आईसोबत मुलगी अठरा वर्षांपर्यंत आणि मुलगा बारा वर्षांपर्यंत राहू शकतो.

कोर्ट आणि वडिलांची भेट

मुंबई-ठाण्याबाहेर गेलो तर केससाठी सारखं परत यावं लागेल, ही भीती खरी आहे, पण अर्धीच. हिंदू विवाह कायद्याखाली बायको जिथे राहते तिथल्या न्यायालयात ती स्वतः अर्ज करू शकते. पोटगीचा आणि कौटुंबिक हिंसाचाराचा अर्जही तिथेच चालतो. नाशिक आणि कोल्हापूर, दोन्हीकडे कौटुंबिक न्यायालय आहे. शिवाय ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं, त्यामुळे त्या जिल्ह्यातल्या केसच्या अपिलासाठी मुंबई गाठावी लागत नाही. नवऱ्याने आधीच ठाण्यात केस टाकली असेल तर ती आपोआप तुमच्या गावी येत नाही, वर्ग करून घ्यायला उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो. आणि मुलांच्या ताब्याचा अर्ज चालू असेल तर कोर्टाला कळवल्याशिवाय मुलांना दुसऱ्या गावी हलवू नका. रागाच्या भरात रातोरात निघालेल्या बाईला पुढे त्याचीच उत्तरं द्यावी लागतात.

माझ्या मुलांचे वडील ठाण्यात आहेत आणि मुलांना ते हवे आहेत. त्यांना जवळ ठेवायचं की लांब, हे आपल्या रागावर ठरवू नये असं मला मनापासून वाटतं. (जिथे वडिलांपासूनच धोका आहे, तिथे हे लागू नाही.) नाशिकहून शनिवारी सकाळी निघून रविवारी संध्याकाळी परत येता येतं. पंचवटी एक्सप्रेस आहे, एसटी आहे, आणि मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट. कोल्हापूर-ठाणे म्हणजे एक रात्र जायला, एक यायला. महिन्यातून दोनदा ते मुलांना झेपलं नसतं. माझ्या वहीत कोल्हापूर शेवटी इथेच मागे पडलं.

शाळा आणि कागद

शाळेच्या बाबतीत तिन्ही गावांत फारसा फरक नाही. अनुदानित मराठी शाळा तिन्हीकडे चांगल्या आहेत आणि फी नाममात्र. आठवीपर्यंतच्या मुलाला सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदली मागण्याचा हक्क शिक्षण हक्क कायद्याने दिला आहे, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. माझ्या मुलीच्या जुन्या शाळेने "वडिलांची सही आणा" म्हणून दाखला तीन आठवडे लटकवला. मी या कलमाचा उल्लेख करून लेखी अर्ज दिला, पोच घेतली, चौथ्या दिवशी दाखला हातात आला.

एका कागदाबाबत मात्र वेळ दवडू नका. मुलांच्या जातीच्या दाखल्याला आणि पुढे वैधतेला वडिलांकडचे पुरावे लागतात: त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला, आजोबांचे कागद. बोलणं सुरू आहे तोवर त्यांच्या प्रती मागून घ्या. दहावीनंतर मागायला गेलं की कपाटं उघडत नाहीत. बेळगावला बहीण आहे म्हणून तिकडे जायचा विचार असेल तर हेही बघा, की महाराष्ट्रात वैद्यकीय प्रवेशाला राज्याच्या कोट्यासाठी दहावी-बारावी इथलीच लागते. सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी थोड्या राखीव जागा आहेत, पण त्यांच्या अटी वेगळ्या.

बालसंगोपन योजनेत एकल पालकाच्या मुलाला महिन्याला २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात. मंजुरीला वेळ लागतो, म्हणून नव्या गावी पोहोचलात की पहिल्याच महिन्यात द्या.

जायचं ठरलं तर मेच्या सुट्टीत जा आणि त्याआधी त्या गावात शाळा चालू असताना चार दिवस राहून बघा. पाहुण्यासारखं नाही, सकाळी डबा करून, मुलांना शाळेच्या फाटकापर्यंत चालवत नेऊन, तिथून कामाच्या जागी जाऊन. मी इंदिरानगरात तसं केलं होतं. तिसऱ्या दिवशी परत येताना मुलगी कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशी थांबली आणि म्हणाली, "आई, इथून पुढचा रस्ता मला माहितीये, मी पुढे चालते."