‘बाहेरून मागवून द्या’: कॉलेज लायब्ररीच्या देवघेव सेवेचा वर्षभराचा अनुभव

मी नवी मुंबईतल्या एका विनाअनुदानित कॉलेजात शिकवते आणि जोडीला पीएचडी करते. विषय आहे ठाणे खाडीकाठची मिठागरं आणि तिथले मजूर. आमच्या लायब्ररीत कॉमर्स आणि मॅनेजमेंटची क्रमिक पुस्तकं भरपूर, माझ्या कामाचं मात्र अर्धं कपाटही नाही. त्यामुळे गेलं शैक्षणिक वर्ष आंतरग्रंथालयीन देवघेवीवर, म्हणजे आपल्या लायब्ररीमार्फत दुसऱ्या ग्रंथालयांतून पुस्तकं-लेख मागवण्यावर काढलं. कागदावर हे भारदस्त नाव असलं तरी काउंटरवर सगळे ‘बाहेरून मागवणं’च म्हणतात. लेखांसाठी सेवा उत्तम, पुस्तकांसाठी बेताची आणि जुन्या मराठी मासिकांसाठी जवळपास निरुपयोगी.

आमचं कॉलेज ‘डेलनेट’चं सभासद आहे. १९८८ साली दिल्लीतल्या ग्रंथालयांपुरतं सुरू झालेलं हे जाळं आता देशभर पसरलंय. सभासद ग्रंथालयांच्या एकत्रित यादीत पुस्तक सापडलं की मागणी नोंदवायची. ती नोंदवतात ग्रंथपाल. आपण फक्त फॉर्म भरायचा. फॉर्मवर लेखक, शीर्षक, वर्ष, खंड, अंक, पान क्रमांक हे सगळं लागतं. ‘मिठावरचं काहीतरी’ असं लिहून चालत नाही. मराठी पुस्तकाची नोंद यादीत रोमन लिपीत असेल तर स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी टाकून बघावं लागतं, नाहीतर असलेलं पुस्तकही ‘नाही’ दिसतं.

फॉर्म दिला की आमच्या ग्रंथपाल मॅडम आधी तो अडवतात, आणि खरं सांगायचं तर सेवेतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच. जे मागतोय ते हाताशीच आहे का, हे त्या तपासतात. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट हे विद्यापीठं-कॉलेजांच्या ग्रंथालयांना जोडणारं केंद्र. त्याच्या ‘एन-लिस्ट’ या कॉलेजांसाठीच्या ऑनलाइन संग्रहात ईपीडब्ल्यू (इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली) सारखी नियतकालिकं कॉलेजच्या लॉगिनवर घरबसल्या उघडतात, पण स्टाफरूममधल्या निम्म्या लोकांनी ते लॉगिन कधी मागितलेलंच नसतं. प्रबंध हवा असेल तर आधी ‘शोधगंगा’ हा भारतीय प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह. तिथे प्रबंध प्रकरणागणिक वेगवेगळ्या पीडीएफमध्ये मिळतो, म्हणजे हवं ते प्रकरण तेवढंच उतरवून घेता येतं. १८८२ चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर तर स्कॅन होऊन इंटरनेटवर फुकट पडलंय. असल्या गोष्टी मागवत बसलं तर टपालखर्च अंगावर येतो आणि महिनाही जातो. मॅडमनी चाळून उरलेले फॉर्मच पुढे जातात, म्हणून त्यांना उत्तरही लवकर येतं.

लेख मागवण्यात मला तक्रारीला फारशी जागा दिसली नाही. कामगार इतिहासावरच्या, आमच्याकडे न येणाऱ्या नियतकालिकांतले लेख बहुतेक वेळा आठवड्याच्या आत ईमेलवर आले. एकदा एका ग्रंथालयाकडून आलेल्या स्कॅनमध्ये बांधणीकडची बाजू पार गिळली गेली होती आणि तळटीपा अर्ध्याच दिसत होत्या. माझ्या विषयात तळटीपा म्हणजेच खजिना. मॅडमनी पुन्हा लिहिल्यावर नीट प्रत आली. पुस्तकातलं एखादं प्रकरणही असंच मिळतं. सबंध पुस्तक झेरॉक्स करून द्या म्हटलं तर नकार येतो, आणि तो योग्यच आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं ५२ वं कलम संशोधनासाठी वाजवी वापराला मुभा देतं, अख्ख्या पुस्तकाची फुकट प्रत काढायचा परवाना देत नाही.

इथे थोडं विषयांतर. १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ सुरू झालंय, म्हणजे संशोधन नियतकालिकांची वर्गणी केंद्र सरकारने एकत्रित भरायची योजना. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं. पण ते केंद्र आणि राज्य सरकारांच्या संस्थांसाठी. म्हणजे ट्रान्सहार्बर लोकलमध्ये माझ्या शेजारी बसणारी सरकारी कॉलेजातली मैत्रीण ठाणे येईपर्यंत मोबाइलवर लेख उघडून वाचते, आणि त्याच लेखासाठी मी फॉर्म भरते. योजनेला नावं ठेवायची नाहीत, पण आमच्यासारख्या कॉलेजांचा नंबर लागेपर्यंत फॉर्म सुटत नाही, एवढं खरं.

आता पुस्तकं. समजून घ्यायची गोष्ट अशी की पुस्तक तुम्हाला मिळत नाही, तुमच्या लायब्ररीला मिळतं. हरवलं तर जबाबदार ती, उशीर झाला तर नाव खराब तिचं. म्हणून आमच्याकडे असं पुस्तक घरी नेऊ देत नाहीत, वाचनकक्षात बसूनच वाचायचं. दोन लेक्चरच्या मधल्या रिकाम्या तासात किती वाचून होणार? कुरिअरचा जाता-येता खर्च आमच्याकडे मागणाऱ्यावर असतो. मुदत वाढवून मिळेलच असं नाही. शिवाय दुर्मिळ पुस्तकं, संदर्भग्रंथ, बांधलेले जुने अंक ही मंडळी सहसा कुणी दाराबाहेर सोडत नाही. एका ग्रंथालयाने कित्येक आठवडे मागणी नुसती पडू दिली आणि शेवटी ‘रेफरन्स कॉपी, देता येणार नाही’ असं एका ओळीत कळवलं. हेच पहिल्या दिवशी कळवलं असतं तर माझं अख्खं प्रकरण अडून राहिलं नसतं.

त्यामुळे मुंबई परिसरात असलेली पुस्तकं मी मागवणं बंद केलं. त्याऐवजी मॅडमकडून त्या ग्रंथालयाच्या नावाने पत्र घेते आणि स्वतः तिथे जाते. पत्रावर विषय, मुदत आणि कॉलेजचा शिक्का हवा, नुसतं ओळखपत्र सगळीकडे चालत नाही. विद्यापीठाचं कलिनाचं जवाहरलाल नेहरू ग्रंथालय आणि फोर्टातली एशियाटिक सोसायटी, दोन्हीकडे एक दिवस बसलं की महिनाभराच्या पत्रव्यवहारापेक्षा जास्त काम होतं. कपाटात शेजारी काय आहे तेही कळतं, जे फॉर्मवर कधीच कळत नाही.

मराठी मासिकांसाठी तर दुसरा इलाजच नाही. एकत्रित याद्यांमध्ये नियतकालिकाचं नाव असतं, पण अमुक वर्षाच्या दिवाळी अंकात कोणी काय लिहिलं याची नोंद कोण ठेवणार? ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभं आहे. तिथे किंवा दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन, अंक उलगडून अनुक्रमणिका बघणं हाच मार्ग. जमल्यास स्वतःच्या नावाने सभासद व्हा. ठाणे-नवी मुंबईत राहून मराठी सामग्रीवर काम करणाऱ्याने तेवढं कराच.

आणखी एक निरीक्षण. कॉलेजांचं मूल्यांकन करून श्रेणी देणाऱ्या नॅकची समिती येणार म्हटलं की देवघेवीच्या रजिस्टरला एकाएकी महत्त्व येतं आणि मागण्या झरझर पुढे सरकतात. आपला फॉर्म त्याच सुमारास सरकवावा. परीक्षेच्या हंगामात मात्र उलटं: काउंटरवर नो-ड्यूजची (काही देणं बाकी नसल्याच्या दाखल्याची) रांग असते, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये आलेलं पुस्तक नेमकं पेपर तपासणीच्या दिवसांत परत करायला लागतं. पुस्तक हवंच असेल तर जून-जुलैत मागवा, लेख कधीही.