स्टाइल्ड-कंपोनंट्स + नेक्स्ट अ‍ॅप राउटर: काही महिने वापरल्यानंतर

स्टाइल्ड-कंपोनंट्स म्हणजे जावास्क्रिप्टमध्येच सीएसएस लिहायची रिअ‍ॅक्ट लायब्ररी, नेक्स्ट हा रिअ‍ॅक्टवरचा फ्रेमवर्क आणि अ‍ॅप राउटर ही त्यातली पानं मांडायची पद्धत. आवृत्त्या: नेक्स्ट १४, स्टाइल्ड-कंपोनंट्स ६.१. कॉन्फिगमध्ये कंपायलरखाली 'स्टाइल्डकंपोनंट्स: ट्रू' लिहिलेलं, तरी डेव्हमध्ये कन्सोलवर 'क्लासनेम जुळत नाही' (सर्व्हरने दिलेलं क्लासचं नाव आणि ब्राउझरने बनवलेलं नाव वेगळं) ही ओरड चालूच. यावर जो सल्ला मिळतो तो म्हणजे नोड-मॉड्यूल्स उडवा, पुन्हा इन्स्टॉल करा. उपयोग शून्य.

खरा दोषी म्हणजे प्रोजेक्टच्या मुळाशी पडून राहिलेली जुनी बेबल-आरसी फाइल, म्हणजे बेबल या कोड रूपांतर करणाऱ्या साधनाची सेटिंग फाइल. ती दिसली की नेक्स्ट एसडब्ल्यूसी (त्याचा नेहमीचा कंपायलर) बंद करून बेबल वापरतं आणि कंपायलरखालची ती ओळ शोभेपुरती उरते. मग प्रत्येक स्टाइल्ड कंपोनंटची ओळख फाइलवरून न ठरता, कंपोनंट कोणत्या क्रमाने तयार झाले त्यावर ठरते. सर्व्हरवर आणि ब्राउझरमध्ये मॉड्यूल्स वेगळ्या क्रमाने लोड झाली की त्या ओळखीतून बनणारा हॅश, म्हणजेच क्लासचं नाव, बदललं. एसडब्ल्यूसी बंद केल्याची सूचना टर्मिनलवर एका ओळीत येऊन जाते, बिल्डच्या गर्दीत ती कोण वाचतो? सेटिंग निरुपयोगी ठरत असेल तर बिल्ड थांबवा ना!

उपाय: ती फाइल काढून टाका. दुसऱ्या एखाद्या प्लगिनसाठी बेबल लागतच असेल, तर 'नेक्स्ट/बेबल' प्रीसेटसोबत स्टाइल्ड-कंपोनंट्सचा बेबल प्लगिन लावा. मात्र मग 'नेक्स्ट/फॉन्ट' (नेक्स्टची फॉन्ट लोड करायची सोय) अडून बसतं, त्याला एसडब्ल्यूसीच हवं.

प्रॉडक्शनमध्ये पान उघडताना क्षणभर स्टाइलविना एचटीएमएल दिसणं हा वेगळा आजार. तिथे रजिस्ट्री, म्हणजे सर्व्हरवर बनलेलं सीएसएस गोळा करून एचटीएमएलमध्ये टाकणारा कंपोनंट, तपासा. 'यूज क्लायंट' (हा कोड ब्राउझरमध्येही चालेल, असं सांगणारी ओळ) लिहिलेल्या फाइलमध्ये सर्व्हरस्टाइलशीट बनवा, पण यूजस्टेटला फंक्शन देऊन, नाहीतर प्रत्येक रेंडरला नवी शीट बनते. यूजसर्व्हरइन्सर्टेडएचटीएमएलच्या आत आधी गेटस्टाइलएलिमेंट, मग क्लिअरटॅग. क्लिअरटॅग राहिलं तर स्ट्रीमिंगमध्ये (पान तुकड्यातुकड्यांनी पाठवताना) प्रत्येक तुकड्याबरोबर आधीचं सगळं सीएसएस पुन्हा जातं. पान दिसतं व्यवस्थित, फक्त एचटीएमएल फुगत जातं, म्हणून हे लवकर लक्षातही येत नाही. ब्राउझरमध्ये नुसते चिल्ड्रेन परत द्या, सर्व्हरवर ते स्टाइलशीटमॅनेजरमध्ये गुंडाळा आणि ही रजिस्ट्री रूट लेआउटच्या बॉडीत ठेवा.

एवढं करूनही पान स्टाइलविनाच दिसत असेल आणि प्रोजेक्ट मोनोरेपो (एकाच रिपॉझिटरीत अनेक पॅकेजेस) असेल, तर 'एनपीएम एलएस स्टाइल्ड-कंपोनंट्स' चालवा. दोन प्रती निघाल्या तर रजिस्ट्री एका प्रतीची आणि बटणं दुसरीची, मग गोळा काय होणार? सामायिक पॅकेजमध्ये लायब्ररी पीअर डिपेंडन्सी म्हणून टाका, म्हणजे पॅकेज स्वतःची प्रत न आणता अ‍ॅपचीच वापरेल.

'यूज क्लायंट'बद्दलचं मत मात्र बदललं. सुरुवातीला वाटलं, थीमप्रोव्हायडर (थीमचे रंग वगैरे सगळ्या कंपोनंट्सना पुरवणारा क्लायंट कंपोनंट) लेआउटमध्ये आला म्हणजे सगळं अ‍ॅपच क्लायंट झालं. तसं होत नाही. चिल्ड्रेन म्हणून आत दिलेले सर्व्हर कंपोनंट सर्व्हरचेच राहतात. डेटा आणणारं पेज सर्व्हरवर ठेवून कार्ड, बटण, ग्रिड तेवढे क्लायंट फाइलींत हलवले की भागतं. फक्त 'कार्ड.टायटल' अशी टिंबाची पद्धत सोडा. सर्व्हर कंपोनंटमधून क्लायंट मॉड्यूलच्या वस्तूत असं शिरता येत नाही, एरर येते. कार्डटायटल वेगळं एक्स्पोर्ट करा.

प्रॉडक्शनमध्ये डेव्हटूल्सला स्टाइल टॅग रिकामा दिसला तर घाबरू नका. तिथे लायब्ररी स्पीडी मोडमध्ये चालते, त्यात नियम टॅगमध्ये न लिहिता थेट सीएसएसओएममध्ये (ब्राउझरच्या मेमरीतल्या स्टाइल-नियमांत) जातात.

आता हिशेब. मार्च २०२५ मध्ये लायब्ररी मेंटेनन्स मोडमध्ये (मुख्यतः दुरुस्त्यांपुरतीच देखभाल) गेल्याचं जाहीर झालं. जुन्या प्रोजेक्टमधून ती उपटून काढायची गरज नाही, वरची डागडुजी केली की नीट चालते. नव्या प्रोजेक्टसाठी मात्र ब्राउझरवर लायब्ररीचा रनटाइम (तिथे चालणारा तिचा कोड) लादायचा, वर रजिस्ट्री सांभाळायची, हे परवडत नाही. सीएसएस मॉड्यूल्स (क्लासची नावं त्या-त्या फाइलपुरती ठेवणाऱ्या सीएसएस फाइली) नेक्स्टमध्ये काहीही इन्स्टॉल न करता मिळतात आणि सर्व्हर कंपोनंटमध्येही चालतात. थीमचे रंग सीएसएस व्हेरिएबल्समध्ये टाकले की थीमप्रोव्हायडरही लागत नाही.