तुंबत चाललेले सिंक: ड्रेन पावडर की ट्रॅप उघडून सफाई?

स्वयंपाकघरातील सिंकचे पाणी हळू उतरू लागले की त्याचे कारण बहुधा पाइपच्या आतल्या भिंतीवर थिजलेले तेल-तूप आणि त्यात अडकलेले अन्नकण हेच असते. बाजारातील बहुतेक ड्रेन पावडरींमध्ये कॉस्टिक सोडा असतो. तो पाण्यात विरघळताना बरीच उष्णता निर्माण होते आणि चरबीचे साबणात रूपांतर होऊन ती वाहून जाते. हा मार्ग सोपा खरा, परंतु प्लास्टिकचा तुकडा किंवा भांड्यांच्या घासणीची तार त्याने हलत नाही, ॲल्युमिनियमचे भाग खराब होतात, आणि तुंबलेल्या पाण्यात साचून राहिलेले हे द्रावण त्वचा व डोळे भाजू शकते. ॲसिडयुक्त क्लीनर तर त्यासोबत कधीही वापरू नये.

सिंकखालचा वाकडा पाइप, म्हणजे ट्रॅप, उघडणे मला अधिक भरवशाचे वाटते. खाली बादली ठेवून दोन्ही नट हाताने सैल करावेत, गाळ ब्रशने काढावा आणि वॉशर नीट बसवून जोडणी पुन्हा आवळावी. अडथळा नेमका कोठे व कशाचा आहे, हे यातच प्रत्यक्ष दिसते. गटाराची दुर्गंधी अडवणारे पाणी याच वळणात साठते. म्हणून शेवटी नळ सोडून ते भरावे आणि सांधे गळत नाहीत ना, हे पाहावे. मात्र पावडर आधीच टाकली असेल, तर ट्रॅप उघडू नये.

ट्रॅप स्वच्छ निघाला, तर अडथळा पुढच्या पाइपमध्ये आहे. तेथे लवचिक स्प्रिंगची तार घालावी लागते.