मुलांसह रानात जायचे तर मांगुनान की कालीबिरू?

इंडोनेशियातील योग्यकर्ता शहराच्या आग्नेयेला बांतुल जिल्ह्यात मांगुनानचे पाइनवन आहे, तर पश्चिमेला कुलोन प्रोगो जिल्ह्यातील मेनोरेह डोंगररांगेत गावकऱ्यांनीच राखलेले कालीबिरूचे वन आहे. सोबत लहान मुले आणि आजी-आजोबा असतील, तर माझा कौल मांगुनानलाच. कारण तिथे सरळसोट खोडांच्या सावलीत सतरंजी अंथरून बसता येते, मुले गळलेली शंकूफळे गोळा करण्यात रमतात आणि कोणालाही उंचावर चढण्याची सक्ती नसते. परतताना जवळच्या इमोगिरीत ‘वेदांग उवुह’ अवश्य प्यावे. जावानीज भाषेत ‘उवुह’ म्हणजे कचरा, आणि आले, दालचिनी व लवंगेची पाने आणि पतंग नावाच्या झाडाच्या लाकडाच्या ढलप्या तरंगणारा तो लालभडक काढा पाहिला की नाव अगदी सार्थ वाटते. खडीसाखर विरघळेपर्यंत मात्र धीर धरावा लागतो.

कालीबिरूचे आकर्षण म्हणजे झाडांवर बांधलेले लाकडी मचाण आणि तिथून खाली दिसणारा सेर्मो जलाशय. दृश्य निःसंशय सरस आहे, पण घाटाचा रस्ता चढाचा असून मचाणावर सुरक्षापट्टा बांधूनच चढावे लागते, त्यामुळे ते धिटुकल्या किशोरवयीन मुलांना अधिक मानवते. पावसाळ्यात दोन्हीकडची वाट निसरडी होते.