कौशातला बायकांचा इंग्रजी क्लास, कसा वाटला ते लिहितेय

ठाण्याजवळ मुंब्र्याला कौशात जोहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजनंतर बायकांचा इंग्रजी क्लास असतो ना, मी आणि माझी धाकटी जाऊ जातोय तिथे, बऱ्याच जणी विचारतायत म्हणून लिहिते. उर्दू मीडियममध्ये शिकलेल्या आणि इंग्रजी म्हटलं की गप्प होणाऱ्या बायांनी नक्की जा. आमच्या वेळेला इंग्रजी पाचवीपासून होतं, पहिलीपासून आलं ते 2000 साली, तोवर आम्ही खूप पुढच्या वर्गात.

धडे सगळे दीनमधले, म्हणजे आपल्या धर्मातले. पहिल्यांदा वुजू, म्हणजे नमाजआधी हात-तोंड-पाय धुणं, कसा करतात ते इंग्रजीत सांगायला लावतात. हात, गुळण्या, नाक, तोंड, कोपरापर्यंत हात, डोक्यावरून ओला हात, शेवटी पाय. क्रम लहानपणापासून पाठ असतो त्यामुळे पुढे काय हे आठवावं लागत नाही, सगळं लक्ष फर्स्ट, देन, आफ्टर दॅट, फायनली यावर राहतं, आणि एरवी एक शब्द न बोलणाऱ्या वयस्कर खालासुद्धा बोलतात. खरी मजा पैगंबर हजरत युसूफ अलैहिस्सलामांच्या गोष्टीत आली. भावांनी विहिरीत टाकलं, काफिल्याने काढलं, मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये विकलं, कैदेत टाकलं, म्हणजे सगळं त्यांच्यासोबत होत जातं, ही वॉज थ्रोन, ही वॉज सोल्ड. शाळेत पॅसिव्ह व्हॉइस मला कधीच कळला नव्हता, वाक्य उलटं करायचं कशाला तेच समजत नव्हतं, इथे कळलं. आकड्यांसाठी जकातचे, म्हणजे दरवर्षी द्यायच्या दानाचे अडीच टक्के, लाखाला अडीच हजार, आणि घड्याळासाठी सहरी-इफ्तारचा तक्ता. घरच्यांचीही हरकत नसते, माझ्या सासूबाईंनीच जावेला पाठवलं.

आता जे पटलं नाही ते. वाचायला अब्दुल्ला युसूफ अलींचा कुरआनचा इंग्रजी तर्जुमा (भाषांतर) देतात. तो 1934 ते 1937 मध्ये लाहोरला छापलेला, मोठं काम आहे आणि मला त्याचा आदरच आहे, पण त्यात दाऊ, दी, हॅथ असली जुनी इंग्रजी आहे आणि नवशिक्या बाया तीच उचलून बोलायला लागतात. त्यांना आजच्या सोप्या इंग्रजीतला तर्जुमा द्यायला हवा, जुना नंतर वाचता येईल. दुसरं म्हणजे कधीकधी गोष्टीवरून बयान, म्हणजे धार्मिक प्रवचन सुरू होतं, ते ऐकायला छान वाटतं पण सगळं उर्दूत, मग बोलायचा वेळ गेला.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, इथून बाहेर नेणारा रस्ता कमी आहे. जाऊ आता वुजू फडाफड सांगते, पण पोराच्या शाळेत पेरेंट्स मीटिंगला टीचरसमोर तिला एक वाक्य जमेना, फार वाईट वाटलं मला. एकदा मॅडमनी वुजूचीच फर्स्ट-देनवाली वाक्यं घेऊन बँकेची स्लिप कशी भरायची आणि तापाचं औषध पोराला कसं द्यायचं ते बोलायला लावलं होतं. तो आत्तापर्यंतचा बेस्ट क्लास, कारण वाक्याचा साचा तोंडात बसलेला होता, फक्त शब्द बदलायचे होते. असं प्रत्येक धड्यानंतर व्हायला पाहिजे, युसूफ अलैहिस्सलामांनंतर लगेच डॉक्टरला सांगा काल काय झालं ते, मी मॅडमना बोलले पण आहे.

माझ्याकडून पाचपैकी चार. अगदी सुरुवातीपासून शिकायचं असेल तर बिनधास्त नाव घाला. ज्यांना वाचता-लिहिता येतं आणि फक्त इंटरव्ह्यूसाठी बोलणं सुधारायचंय त्यांनी दुसरीकडे बघा, आणि जाणाऱ्यांनी फी भरायच्या आधी एका तासात प्रत्येकीला बोलायला किती वेळ देतात ते विचारून घ्या.