वर्गात काय पाळावं: झुरळ की प्रार्थनाकीटक?

दोघं नात्यातलेच. दोघांचीही मादी अंडी सुटी न टाकता वेष्टणात बंद करते, आणि पिल्लं कोशात न जाता कात टाकत मोठी होतात. पाळायला घेतले की मात्र दोघांचे लाड अगदी वेगळे.

अमेरिकन झुरळ ३.५ ते ४ सेंटिमीटरचं. पावाचा तुकडा, गाजर, ओला कापूस आणि लपायला अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे, एवढ्यावर त्याचं भागतं. शनिवार-रविवार कुणी फिरकलं नाही तरी बिघडत नाही. पण ते काचेवर सरसर चढतं. त्यामुळे बरणीच्या आतल्या काठाला ४-५ सेंटिमीटर रुंद व्हॅसलिनचा पट्टा हवा आणि वर घट्ट बसणारी बारीक धातूची जाळीही. अंड्यांच्या वेष्टणाच्या एका डबीत १४ ते १६ अंडी असतात; डब्या वेळेवर काढल्या नाहीत तर बरणी भरते. शिवाय त्याची विष्ठा आणि कात यांमुळे दमा बळावतो. वर्गात दमेकरी मूल असेल तर झुरळाचा विषय तिथेच संपवा.

हायरोड्युला या प्रकारातला हिरवा प्रार्थनाकीटक पावसाळ्यात झुडपांवर सापडतो. मादी ७-८ सेंटिमीटरची होते. एका पिंजऱ्यात एकच ठेवा, दोन ठेवलेत तर काही दिवसांत एकच उरेल. त्याला जिवंत भक्ष्यच लागतं: माशी, पतंग, छोटा नाकतोडा, दर दोन-तीन दिवसांनी एक. घरातली झुरळं पकडून घालू नका, त्यांच्या अंगात कीटकनाशक असू शकतं.

बहुतेक प्रार्थनाकीटक दगावतात ते कात टाकताना. तो छताला उलटा लटकून कातीतून खाली सरकतो, म्हणून पिंजऱ्याची उंची त्याच्या लांबीच्या तिप्पट, म्हणजे किमान २५ सेंटिमीटर हवी आणि छत जाळीचं. गुळगुळीत झाकणावरून पाय सुटतो, आणि पडला की पाय वाकडे होतात. हवा कोरडी असली तर कात अडकते. रोज एकदा पाण्याचा हलका फवारा पुरे. त्याने खाणं सोडलं, पाठीवरचे पंखांचे कोंब फुगले, की भक्ष्य बाहेर काढा. मऊ अंगाच्या प्रार्थनाकीटकाला नाकतोडाही कुरतडतो. कात टाकल्यावर एक दिवस उपाशी ठेवा.

वर्षभर जीवनचक्र दाखवायचं असेल तर झुरळ. महिना-दोन महिन्यांत शिकार, मान वळवून बघणं, कात टाकणं हे सगळं मुलांनी पाहावं असं वाटत असेल तर प्रार्थनाकीटकच. मादीने काडीवर अंड्यांसाठी फेसाचं घरटं केलं, तर ती काडी तशीच झुडपात नेऊन बांधा. आतून शंभरावर पिल्लं निघू शकतात आणि पिंजऱ्यात ती एकमेकांनाच खातात.